कोळशिंद्याचा काटा काढण्यापूर्वी

भातकापणी उरकली, उडवी रचून झाली की कोकणातल्या शेतकऱ्याची नजर वळते ती मळ्याच्या बांधांकडे. चार महिन्यांच्या पावसात मेरेवर रान माजलेले असते. ते साफ केल्याशिवाय पुढे कुळीथ, वाल, चवळी पेरता येत नाही. पाणी असेल आणि कलिंगड करायचे असेल तर मग नाहीच नाही. पूर्वी हे काम कोयतीने होत असे. घरातली चार माणसे आठवडाभर बांध तासत बसत. आता माणूसबळ राहिले नाही. कोणी ग्रासकटर भाड्याने आणतो, आणि ज्याला तेवढाही वेळ नाही तो पाठीवर पंप चढवून तणनाशक मारून मोकळा होतो. आठ दिवसांत बांध पिवळा, पंधरा दिवसांत उघडा.

या साफसफाईत सगळ्यांत आधी ज्याच्यावर घाव बसतो, ते झुडूप म्हणजे कोळशिंदा. आणि का बसू नये? पायात काटा मोडतो, जनावर तोंड लावत नाही, कापायला गेले तर हात सोलवटतात. 'ह्या काट्यांक कोण हात लावतलो?' म्हणून ज्याला त्याला तो नकोसा. परंतु हेच झुडूप त्या दिवसांत, म्हणजे साधारण ऑक्टोबरपासून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत, निळ्या-जांभळ्या फुलांनी भरलेले असते आणि त्यावर माश्या, भुंगे, फुलपाखरे यांची दिवसभर ये-जा चालू असते. पंप खांद्यावर असला की तिकडे लक्ष जात नाही, एवढेच.

कोळशिंद्याला नावे पुष्कळ. कुठे कोळसुंदा म्हणतात, कुठे विखरा. काष्ठौषधींच्या दुकानात तालिमखाना मागितला तर याचेच बी मिळते. वैद्य लोक त्याला कोकिलाक्ष किंवा इक्षुरक म्हणतात. शास्त्रीय पुस्तकांत हायग्रोफिला ऑरिक्युलाटा हे नाव आढळेल, जुन्या पुस्तकांत ॲस्टराकँथा लाँगिफोलिया, आणि अलीकडच्या याद्यांत हायग्रोफिला शुली. नावे तीन, झाड एकच. कूळ अडुळशाचे. म्हणजे अडुळसा, कोरांटी, अबोली, आणि सह्याद्रीतली ती प्रसिद्ध कार्वी ही सगळी याची भावंडे. कार्वीचा मध सर्वांना ठाऊक असतो. तिच्या या काटेरी भावाकडे मात्र कोणी ढुंकून पाहत नाही.

ओळखायला अगदी सोपे. कंबरेएवढे, कधी छातीपर्यंत वाढणारे झुडूप. खोड चौकोनीसर, त्यावर राठ लव, पेरे फुगलेली. प्रत्येक पेराभोवती सहा पाने घोळक्याने येतात, त्यांतली दोन लांब आणि चार आखूड. त्या पानांच्या बगलेत सहा पिवळट, टोकदार, सरळ काटे. बोटाच्या दोन पेरांएवढा काटा सहज असतो. काट्यांच्या मधोमध फुले, एकेका पेरावर बहुधा आठ. हे लागते ओलीत: भाताच्या मळ्याच्या कडेला, व्हाळाच्या काठाने, तळ्याच्या पाणथळ भागात, पाटाचे पाणी झिरपते तिथे. कातळावर, सड्यावर सापडायचे नाही. म्हणजे जिथे तुमची भातशेती आहे, नेमके तिथेच हे आहे. परदेशातून आलेले नाही. आपल्याच मातीतले आहे, इथल्या माश्यांच्या ओळखीचे आहे.

भाताला माशी लागत नाही, पण...

भाताच्या शेतकऱ्याला मधमाशीची आठवण सहसा होत नाही, त्याला कारण आहे. भाताचे फलन फुलातल्या फुलात, वाऱ्याच्या जोरावर होते. माशी आली काय, न आली काय, लोंबी भरतेच. त्यामुळे जिथे खरिपात भात आणि नंतर जमीन पडीक, असा हिशेब होता तिथे माशीचा विचार कोणी केला नाही आणि त्यात कोणाचे बिघडलेही नाही.

आता तसे राहिलेले नाही. भात निघाला की त्याच मळ्यात कलिंगड होते, काकडी, कारली, दोडकी, दुधी होतो. बांधापलीकडच्या डोंगरउतारावर काजू आणि आंबा असतो. या पिकांना पाहुणा लागतो. कलिंगडाचेच घ्या. वेलावर नरफूल वेगळे, मादीफूल वेगळे. नरफुलातला पराग जड आणि चिकट, वाऱ्याने उडत नाही. तो माशीच्या अंगाला लागूनच मादीफुलापर्यंत जातो. फूल सकाळी उमलते आणि दुपारनंतर मिटते, तेही एकाच दिवसापुरते. त्या चार-पाच तासांत माश्यांनी पुन्हा पुन्हा येऊन पुरेसा पराग पोचवला तर फळ सर्व बाजूंनी सारखे भरते. पराग कमी पडला तर फळ धरत नाही, गळते, किंवा एका बाजूला बसके, वाकडे निघते. व्यापारी असले फळ बाजूला काढतो आणि शेतकरी म्हणतो, बियाणे बोगस निघाले. कधी ते खरेही असेल. पण दुकानदाराशी भांडायला जाण्यापूर्वी सकाळी आठ वाजता वेलाजवळ दहा मिनिटे शांत उभे राहून माश्या किती येतात ते मोजावे. बियाण्याचा दोष आणि माशीची टंचाई यांतला फरक तिथेच समजू लागतो.

एकट्या कलिंगडाची गोष्ट नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळाने काम करणाऱ्या आंतरसरकारी जैवविविधता मंचाने २०१६ साली जो अहवाल काढला, त्यानुसार जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे पाऊणशे टक्के पिके थोडीफार तरी कीटक-पक्ष्यांच्या परागीभवनावर अवलंबून आहेत. 'थोडीफार' हा शब्द महत्त्वाचा आहे. सगळी पिके माशीवाचून बुडतात असे नाही. पण कलिंगड, काकडी, कारले ही त्यांतली, जी माशीवाचून खरोखर बुडतात.

मग माशी येणार कुठून? पेटी आणून ठेवता येते, ठेवावीही. पण पेटीतली माशी असो की झाडाच्या ढोलीतली सातेरी, कड्यावरची आग्या असो की कुंपणातली फुलोरी, तिला फक्त तुमच्या कलिंगडाच्या तीन-चार आठवड्यांत पोट असते असे नाही. ती बाराही महिने खाते. सातेरी पेटीपासून फार लांब जात नाही. साधारण किलोमीटरभराच्या आत तिचा बाजार. लहान एकांड्या माश्यांचा पल्ला तर काही शे पावलांचाच. पावसाळ्यात आणि गणपतीच्या सुमारास सड्यावर तेरडा, कवळा, सीतेची आसवे असे फुलांचे गालिचे असतात, तोवर चंगळ. दिवाळीनंतर सडा वाळून पिवळा पडतो. काजू आणि आंब्याचा मोहोर अजून पुरता आलेला नसतो, कलिंगडाचा वेल नुकता पसरू लागलेला असतो. या मधल्या दिवसांत खाली मळ्यात, ओलीच्या आधाराने, जे थोडे फुललेले असते त्यात कोळशिंदा पहिल्या ओळीत. आणि आपण त्याच आठवड्यात ग्रासकटर चालवतो.

फुलाची घडण पाहिली तर माशी का येते ते उमजते. फूल दोन ओठांचे. वरचा ओठ छपरासारखा, खालचा ओसरीसारखा पुढे आलेला, त्यावर मधोमध पिवळसर खुणा. माशी त्या ओसरीवर उतरते, नळीत तोंड घालते, आणि तेवढ्यात वरून लोंबणाऱ्या परागकोशांचा तिच्या पाठीला स्पर्श होतो. नळी जराशी खोल असल्याने लांब जिभेच्या माश्यांना आणि काळ्या लाकूडपोखऱ्या भुंग्यांना ती विशेष सोयीची. हे भुंगे लोकांना आवडत नाहीत, कारण ते घराचे वासे आणि बांबू कोरतात. पण अंगाने जाडजूड असल्याने ते पराग भरपूर वाहतात, आणि पेटीत पाळता येत नाहीत. त्यांना रानातच जगू द्यावे लागते.

फुलपाखरांचे नाते आणखी जवळचे. पंखांवर मोराच्या पिसावरच्या डोळ्यांसारखे ठिपके असणारे नारंगी फुलपाखरू भाताच्या बांधावर सर्रास दिसते. त्याच्या अळ्या या कोळशिंद्याचीच पाने खातात. तेव्हा पानाला भोके दिसली म्हणून फवारणी करायला धावू नये. ती अळी भाताला त्रास देणारी नव्हे.

लागवड म्हणजे नेमके काय

कोळशिंद्याची लागवड करा असे म्हटले की जाणकार शेतकरी हसतील, कारण हे झुडूप न बोलावता येते. भातखाचरातल्या तणांच्या यादीत त्याचे नाव आहे आणि ते योग्यच आहे. म्हणून पहिली गोष्ट स्पष्ट केलेली बरी: भाताच्या उभ्या पिकात याचे एकही रोप राहू देऊ नये. आवणात ते अन्न खाते, कापणीला काटा देते. प्रश्न फक्त जागेचा आहे.

प्रत्येकाच्या मळ्यात एखादा कोपरा असा असतो जिथे काही धड होत नाही. व्हाळाच्या बाजूची बुळबुळीत पट्टी, शेततळ्याच्या सांडव्याखालची दलदल, विहिरीच्या पाटाखालची ओल, दोन मळ्यांमधला तो त्रिकोणी तुकडा जिथे डिसेंबरपर्यंत पाय रुततो. ती जागा कोळशिंद्याची. पायवाट, पाणंद, गुरांची पाणी पिण्याची जागा आणि मुलांची शाळेची वाट यांपासून मात्र ती दूर हवी, नाहीतर शेजाऱ्याशी भांडण ठरलेले. कलिंगडाच्या मळ्याच्या कडेने एक-दोन हात रुंदीची पट्टी पुरेशी आहे. अख्खा बांध देण्याची गरज नाही आणि देऊही नये.

बी विकत आणायची गरज नाही. जानेवारी-फेब्रुवारीत आपल्याच परिसरातल्या झुडपांवरून तपकिरी झालेली बोंडे काढावीत. आपल्याच गावचे बी घेण्यात शहाणपण आहे, कारण ते आपल्या पावसाला आणि आपल्या मातीला सरावलेले असते. बोंड लांबट, साधारण गव्हाच्या दाण्याहून थोडे मोठे. आत चार ते आठ चपट्या बिया. सुकवून, कापडी पिशवीत बांधून, चुलीच्या धुरापासून आणि ओलीपासून दूर टांगून ठेवाव्यात. ओल लागली तर सगळे मुसळ केरात, ते का ते पुढे येतेच.

मृगाचा पाऊस स्थिरावला की तरव्याच्या कडेला हातभर जागेत बी टाकावे. ते बारीक असते, खोल गाडू नये; ओल्या मातीवर पसरून वरून नुसता हात फिरवावा. बी भिजताच त्याभोवती चिकट थर तयार होतो आणि ते मातीला धरून बसते, त्यामुळे पावसाच्या सरीने सहज वाहून जात नाही. रोपे वीतभर झाली, आणि भाताच्या लावणीची गडबड संपली, की ती उचलून ठरवलेल्या जागी दीड-दोन हातांवर लावावीत. घोट्याएवढ्या पाण्यात ती उभी राहतात, मात्र शेंडा बुडता कामा नये. खत नको. खत घातले तर नुसता पाला माजतो. सप्टेंबरात एकदा वेल आणि उंच गवत काढून जागा मोकळी केली की झाले. पुढे काटा येतो, मग त्याच्यात कोणी शिरत नाही, गुरेही नाहीत.

लावायचेच नसेल, तर त्याहून सोपा मार्ग आहे: जे आहे ते ठेवा. कापणीनंतर बांध साफ करताना पाणथळ कोपऱ्यातली झुडपे सोडून द्यावीत. ग्रासकटर चालवणारा माणूस बहुधा बाहेरचा असतो, त्याला तोंडी सांगून भागत नाही. चार बांबूच्या काठ्या रोवून सुतळी ओढावी, म्हणजे त्यालाही कळते.

कोणी विचारील, समोर निळी फुले दिसली तर माशी कलिंगडाकडे वळेल कशाला? शंका रास्त आहे. आमचे मत असे की पट्टी लहान असली आणि कडेला असली तर नुकसान होत नाही, उलट माशी त्या परिसरात टिकून राहते आणि वेलाला फूल येते त्या दिवशी ती हजर असते. कलिंगडाचे फूल सकाळच्या काही तासांचे. उरलेल्या दिवसभरात माशीने दुसरीकडे काय खायचे, हाही प्रश्न आहेच. पण कोणी हौसेने अख्ख्या मळ्याभोवती कोळशिंद्याचे कुंपण केले तर त्याला आम्ही पाठिंबा देणार नाही.

आणि एक. अन्न दिले आणि घर जाळले तर उपयोग नाही. एकांड्या माश्यांपैकी बऱ्याच जाती बांधाच्या उघड्या मातीत बारीक बिळे करून राहतात, काही पोकळ काड्यांत. भाजावळीच्या निमित्ताने बांधाचे गवत पेटवले की काड्यांतली पिल्ले जळतात. भाजायचेच तर तरव्यापुरते भाजावे, आग मेरेवर जाऊ देऊ नये.

फवारणीबद्दल तर वेगळे सांगायला नको, तरी सांगतो. आंब्यावरच्या तुडतुड्यांसाठी आणि वेलवर्गीय पिकांवरच्या रसशोषक किडींसाठी इमिडाक्लोप्रिडसारखी औषधे सर्रास वापरली जातात. ही औषधे झाडाच्या रसात भिनतात आणि परागातही उतरतात. मोकळ्या शेतात या गटातल्या तीन औषधांचा वापर युरोपीय संघाने २०१८ मध्ये बंद केला, तो मधमाशीच्या कारणासाठीच. आपल्याकडे कीड आहे आणि फवारणी टळत नाही हे मान्य. पण ती वेल फुलावर येण्याआधी उरकावी. फुलोऱ्यात अगदीच गरज पडली तर कृषी सहायकाला विचारून औषध निवडावे आणि संध्याकाळी, फूल मिटल्यावर मारावे. तणनाशकाच्या बाबतीत एवढेच की ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रण चालकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना काढली होती. मनुष्य आणि जनावरांच्या आरोग्याला असलेला धोका हे तिचे कारण. व्हाळाच्या काठावर असली औषधे मारणे म्हणजे ती खालच्या वाडीच्या विहिरीकडे पाठवणे.

बियाला गिऱ्हाईक आहे, घाई नको

तालिमखान्याच्या बियांना आयुर्वेदात जुने स्थान आहे. चरकसंहितेत शुक्रशोधन गणाच्या दहा द्रव्यांत इक्षुरक आहे, आणि केंद्र सरकारच्या आयुर्वेदिक औषधिकोशातही कोकिलाक्षाचा समावेश आहे. लघवीच्या तक्रारी, सांध्यांची सूज, अशक्तपणा अशा गोष्टींत मूळ, बी आणि पंचांगाचा क्षार वैद्य वापरतात. कोणत्या माणसाला किती द्यायचे हे वैद्याने ठरवायचे असते. बांधावरचे झाड उपटून काढा करून पिण्याचा सल्ला हा लेख देत नाही.

कोवळ्या पानांची भाजी मात्र पूर्वीपासून खाल्ली जाते. पावसाच्या सुरुवातीला, काटा धरण्यापूर्वी, शेंडे खुडायचे. बंगालमध्ये तर हीच पाने कुलेखाडा या नावाने बाजारात जुडीने विकली जातात आणि अंगात रक्त कमी असलेल्यांना त्यांचा रस देण्याची तिकडे पद्धत आहे. आपल्याकडे रानभाज्यांचे महोत्सव आता तालुक्या-तालुक्यांत भरतात, तिथे ही भाजी मांडायला हरकत नाही. फक्त तणनाशक मारलेल्या बांधावरची आणि गटाराच्या पाण्यावरची पाने कोणाच्या ताटात जाऊ नयेत.

इथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. हल्ली मखान्याचे नाव फार ऐकू येते. बिहारमधल्या मिथिला मखान्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून काही जण तालिमखाना म्हणजेच मखाना असे समजून चौकशी करू लागले आहेत. दोघांचा काडीचा संबंध नाही. मखाना हे तळ्यात तरंगणाऱ्या, पाणकमळाच्या कुळातल्या वनस्पतीचे बी, ते भाजून लाहीसारखे फुलवतात. तालिमखान्याची लाही होत नाही. कोणी मखान्याच्या भावाने तालिमखान्याचे बी विकत घेतो म्हणून आगाऊ पैसे मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

बी ओळखण्याची खूण सोपी आहे. चिमूटभर बी वाटीतल्या पाण्यात टाकावे. बघता बघता त्याभोवती बुळबुळीत गर धरतो आणि बिया एकमेकींना चिकटून गोळा होतो. सब्जा आणि इसबगोलही असेच फुगतात, म्हणून फक्त या परीक्षेवर भिस्त ठेवू नये. बियाचा चपटेपणा आणि तपकिरी रंगही पाहावा. हाच गुण शेतकऱ्याच्या मुळावर येऊ शकतो. काढणीच्या वेळी बी भिजले, दवात राहिले, तर त्याचा लगदा होतो, आणि तो कोणी घेत नाही.

म्हणून काढणी दव उतरल्यावर, उन्हाची करावी. झुडूप पिवळे पडले, खालच्या पेरांवरची बोंडे तपकिरी झाली की थांबू नये. सगळी बोंडे पिकण्याची वाट पाहिली तर खालची फुटून बी सांडते. चामड्याचे हातमोजे नसतील तर हाताला जुने गोणपाट गुंडाळावे, लांब दांड्याच्या कोयतीने बुडातून कापावे, आणि ताडपत्रीवर पसरून वरून दुसरे कापड घालावे. तीन-चार ऊन खाल्ल्यावर काठीने झोडपले की बी खाली बसते. सुपाने पाखडावे, बारीक चाळणीने चाळावे. काट्यांचा पाला खळ्यावर राहू देऊ नये, तो एका खड्ड्यात टाकून द्यावा. अनवाणी माणसे वावरतात, याचे भान हवे.

पैशांचा हिशेब इथे मुद्दाम मांडलेला नाही. काष्ठौषधींचे दर व्यापाऱ्यागणिक आणि हंगामागणिक बदलतात. बांधावरच्या पट्टीतून निघणारे बी एकट्या घराच्या मानाने थोडेच. ते घेऊन शहरात गेले तर एसटीचे भाडेही सुटायचे नाही. पाच-दहा घरांनी, किंवा एखाद्या बचत गटाने, एकत्र करून स्वच्छ माल दाखवला तर बोलणी करता येतात. पेरणीआधी निदान दोन व्यापाऱ्यांकडे चौकशी करावी. आमच्या मते बी हा जोडलाभ समजावा. खरा लाभ वेलावर धरणाऱ्या फळात आहे.

एक पथ्य मात्र पाळावेच. सगळी बोंडे काढू नयेत. गावात गोळा करणारे आले की ते हिरवी-पिकली न बघता झुडपेच्या झुडपे कापून नेतात. मालही हलका निघतो आणि पुढच्या वर्षी जागा ओस पडते. पाचातले एक झुडूप तरी फुटून सांडू द्यावे.

पंचायतीच्या हातातले काम

कायद्याने या झुडपाला वाचवायला कोणी येईल अशी आशा ठेवू नये. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांत भातखाचरे पाणथळ म्हणून धरलेलीच नाहीत. सिंचनासाठी बांधलेली तळीही त्यांतून वगळली आहेत. म्हणजे कोळशिंदा राहतो ती जवळजवळ सगळी जागा नियमाबाहेर. जे करायचे ते शेतकऱ्याने आणि ग्रामपंचायतीने.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिच्याकडे लोकजैवविविधता नोंदवही असते. राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२० अखेरची मुदत घातली तेव्हा बऱ्याच ठिकाणी या नोंदवह्या घाईघाईत भरल्या गेल्या. ग्रामसेवकांनी आपल्या गावची वही एकदा कपाटातून काढून पाहावी. त्यात कोळशिंदा आहे का? असेल तर कोणत्या व्हाळावर, कोणत्या तळ्याच्या काठी, कोणत्या महिन्यात फुलतो, हे लिहिलेले आहे का? नसेल तर गावातल्या एखाद्या जुन्या माणसाला आणि गोळा करणाऱ्या बायकांना बरोबर घेऊन एका सकाळी हे काम होते.

ही नोंद नुसती कागदाची नाही. या कायद्यातील २०२३ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. लागवड केलेल्या औषधी वनस्पतींना तिच्यात काही बाबतींत सूट आहे, पण माल लागवडीचा आहे हे दाखवणारा दाखला समितीकडून घ्यावा लागतो. उद्या बचत गटाने तालिमखाना विकायचे ठरवले आणि समितीच्या वहीत लागवडीची नोंदच नसली तर दाखला कशावर देणार? तेव्हा पट्टी लावली त्याच वर्षी गट नंबर, अंदाजे क्षेत्र आणि लावणीची तारीख समितीला लेखी कळवून पोच घ्यावी.

दुसरे काम व्हाळाचे. तळ्यातला गाळ काढणे, व्हाळ रुंद करणे ही कामे उन्हाळ्यात निघतात. गाळ काढलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण जेसीबीवाला दोन्ही काठ खरवडून सपाट करतो आणि फोटो छान येतो. काम देतानाच एक ओळ घालावी, की एका काठाची झाडोऱ्याची पट्टी तशीच ठेवायची आणि दुसरा काठ पुढच्या वर्षी घ्यायचा. गाळ काठावर ढीग करून टाकण्याऐवजी शेतात न्यावा. ढिगाखाली गेलेले बी वर येत नाही.

तिसरे, मधपेट्यांचे. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाची मधकेंद्र योजना आहे, तिचे मधुसंचालनालय महाबळेश्वरला आहे. सातारा जिल्ह्यातले मांघर हे गाव मे २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. कोकणातल्या काही गावांनाही पेट्यांचा मोह पडला आहे, आणि तो चांगलाच आहे. मात्र पेटी मागण्यापूर्वी गावात बारा महिन्यांचा चारा आहे की नाही याचा तक्ता करावा. जूनपासून मेपर्यंत कोणत्या महिन्यात काय फुलते ते लिहून काढले की रिकामा महिना आपोआप दिसतो. पेटी आणली आणि बांध फवारले, तर माशी पेटी सोडून निघून जाते आणि मागे रिकामे खोके राहते. सातेरी तर यासाठी प्रसिद्धच आहे. चारा संपला की ती मुक्काम हलवते.

सध्या ज्यांच्या मळ्यात कोळशिंदा उभा आहे त्यांनी या हंगामात एवढेच करावे: बांध साफ करायला माणूस लावण्याआधी एक फेरी मारावी, पाणथळ कोपऱ्यातली दहा-पंधरा झुडपे काठ्या रोवून राखावीत, आणि जानेवारीअखेर खालची बोंडे तपकिरी झाली की मूठभर बी कापडात बांधून, वर गावाचे नाव आणि साल लिहून, माळ्यावर टांगून ठेवावे.